१७ एप्रिल १८६१ : मद्रासमध्ये सापडलेला ‘एशिया’

नॉर्मन रॉबर्ट पॉगसन मद्रास वेधशाळेचा कारभार हाती घ्यायला विलायतेहून आले, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. १७ एप्रिल १८६१ रोजी त्यांना तिथून एक नवा लघुग्रह गवसला. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला हा ६७ वा. आशिया खंडातून कुणी लघुग्रह शोधण्याची ही पहिलीच वेळ.

नावासाठी पॉगसन यांना फार शोधाशोध करावी लागली नसावी. त्या काळी लघुग्रहांना ग्रीक-रोमन पुराणांतल्या देवतांची नावे देण्याचा शिरस्ता होता. ग्रीक कथांत एशिया नावाची एक देवता आहेच! नाव तेच ठरले. शिरस्ताही पाळला गेला आणि खंडाचाही मान राखला गेला.

पॉगसन या कामात नवखे नव्हते. ऑक्सफर्डला असताना त्यांनी आयसिस, अरियाड्नी आणि हेस्टिया हे लघुग्रह शोधले होते. ताऱ्यांच्या तेजस्वितेची प्रत मोजण्याचे जे गणित आजही वापरले जाते, तेही त्यांचेच, १८५६ सालचे. मद्रासहून त्यांनी पुढे सॅफो (१८६४) आणि सिल्विया (१८६६) शोधले. या सिल्वियाला दोन चंद्र आहेत, हे मात्र एकविसाव्या शतकात कळले.

पॉगसन यांची कन्या आयसिस याच वेधशाळेत आकडेमोड करी. त्यांचे साहाय्यक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये एक रूपविकारी तारा शोधला.

‘एशिया’ला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे पावणेचार वर्षे लागतात.