ब्लॅकबर्न रोव्हर्स : पुण्याची मालकी, इंग्लंडचा क्लब आणि सतत बदलणारे नेतृत्व

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ मध्ये स्थापन झालेला फुटबॉल क्लब नोव्हेंबर २०१० पासून पुण्यात मुख्यालय असलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज अर्थात ‘वेंकीज’ समूहाच्या मालकीचा आहे. इंग्लिश प्रीमियर लीगमधील क्लब विकत घेणारा हा पहिला भारतीय उद्योगसमूह. मालकांनी गेल्या दीड दशकात क्लबमध्ये २० कोटी पौंडांहून अधिक रक्कम ओतली. तरीही या काळात क्लब दोनदा खालच्या श्रेणीत घसरला. पैसा येत राहिला, पण निर्णय कोणी घ्यायचा हे ठरले नाही, हे या प्रकरणाचे सूत्र आहे.

पार्श्वभूमी

१८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन करणाऱ्या बारा क्लबांपैकी रोव्हर्स एक. १९१२ आणि १९१४ मध्ये लीगचे विजेतेपद आणि एकूण सहा वेळा एफए चषक हा त्याचा जुना वारसा. १९९१ मध्ये पोलाद व्यवसायातील स्थानिक उद्योजक जॅक वॉकर यांनी क्लब ताब्यात घेतला, केनी डॅलग्लिश यांना प्रशिक्षक-व्यवस्थापक म्हणून आणले आणि १९९५ मध्ये प्रीमियर लीग जिंकून दाखवली. २००० मध्ये वॉकर यांचे निधन झाले. पुढे दहा वर्षांनी त्यांच्या विश्वस्त संस्थेने सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना क्लब वेंकीजला विकला. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या या कुक्कुटपालन समूहाची धुरा त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि पुत्र वेंकटेश व बालाजी राव यांच्याकडे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये रोव्हर्सचा संघ पुण्यात बालेवाडीला येऊन पुणे एफसीविरुद्ध प्रदर्शनीय सामनाही खेळला.

पहिली दोन वर्षे

खरेदीनंतर महिन्याभरात अनुभवी प्रशिक्षक सॅम अलर्डाइस यांना हटवून त्यांच्या जागी स्टीव्ह कीन यांना बसवण्यात आले. २०११ च्या आरंभी अध्यक्ष जॉन विल्यम्स पायउतार झाले. क्लबचा दैनंदिन कारभार जाणणारी माणसे अशी एकामागून एक बाहेर पडली. डिसेंबर २०११ मध्ये उपमुख्य कार्यकारी पॉल हंट यांनी मालकांना पत्र लिहून प्रशिक्षक बदलण्याची सूचना केली आणि आर्थिक संकटाचा इशारा दिला. मे २०१२ मध्ये ते पत्र उघड झाले आणि हंट यांना पद गमवावे लागले. त्याच महिन्यात विगनविरुद्धच्या घरच्या सामन्यात पराभूत होऊन रोव्हर्स प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात निषेध म्हणून चाहत्यांनी मैदानात जिवंत कोंबडी सोडली होती.

सप्टेंबर २०१२ मध्ये कीन यांनी राजीनामा दिला. त्यांच्यानंतर आलेले हेनिंग बर्ग ५७ दिवस, तर मायकेल अ‍ॅपलटन ६७ दिवस टिकले. बर्ग यांच्या भरपाईचा वाद न्यायालयात गेला. व्यवस्थापकीय संचालकांनी अधिकार नसताना बर्ग यांच्या करारातील अट मान्य केली, असा पवित्रा क्लबने घेतला. न्यायालयाने तो मान्य केला नाही आणि क्लबला २२ लाख ५० हजार पौंड द्यावे लागले. क्लबच्या वतीने शब्द देण्याचा अधिकार कोणाला, याबाबत क्लबमध्येच एकवाक्यता नव्हती, हे या खटल्याने जगजाहीर केले.

दुसरी घसरण आणि स्थैर्याचा काळ

गॅरी बॉयर यांच्या अडीच वर्षांत कारभार काहीसा सावरला. पण प्रीमियर लीगमधून उतरलेल्या क्लबांना मिळणारे अनुदान २०१६ मध्ये संपले आणि मे २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला. फेब्रुवारी २०१७ मध्ये आलेले टोनी मोब्रे यांनी पुढच्याच वर्षी संघ पुन्हा चॅम्पियनशिपमध्ये नेला. २०२२ पर्यंतची त्यांची पाच वर्षे हा या मालकीतील सर्वांत स्थिर कालखंड ठरला.

त्यानंतर जुने दोष पुन्हा दिसू लागले. जानेवारी २०२३ मध्ये लुइस ओब्रायन याला उसनवारीवर आणण्याचा करार कागदपत्रे मुदतीत न पोहोचल्याने रद्द झाला. त्या हंगामात सहाव्या क्रमांकाच्या संघाइतकेच ६९ गुण मिळवूनही केवळ गोलफरकामुळे रोव्हर्सची बढतीच्या बाद फेरीची संधी हुकली. वर्षभराने डंकन मॅग्वायर याचा करारही कागदोपत्री चुकीमुळे फिसकटला. काही दिवसांतच प्रशिक्षक योन डाल टोमासन यांनी क्लब सोडला. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर असताना जॉन युस्टेस यांनी तळाशी झुंजणाऱ्या डर्बी काउंटीची वाट धरली. रोव्हर्स अखेर सातव्या स्थानी राहिला.

पैशाची वाट

चॅम्पियनशिपमधील बहुतेक क्लब तोट्यात चालतात आणि तीन वर्षांत ३ कोटी ९० लाख पौंडांपेक्षा अधिक तोटा नियमांना मान्य नाही. रोव्हर्सची तूट मालक पुण्याहून भरत आले. २०२३ पासून मात्र सक्तवसुली संचालनालयाच्या परकीय चलन कायद्याखालील चौकशीमुळे ब्रिटनमध्ये रक्कम पाठवण्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागली, आणि पाठवायच्या रकमेइतकी बँक हमी देण्याची अटही आली. क्लबला खेळाडूंच्या विक्रीवर अधिक विसंबावे लागले. २०२४ मध्ये अकादमीत घडलेला अ‍ॅडम व्हार्टन १ कोटी ८० लाख पौंडांना क्रिस्टल पॅलेसकडे गेला. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लीगमध्ये २७ गोल करणारा सॅमी स्मॉडिक्सही विकला गेला. २०२५ मध्ये महिला संघाने दुसऱ्या श्रेणीच्या लीगमधून माघार घेतली.

चाहत्यांपुढील पेच

मालकांवर रोष असला तरी त्यांनी क्लब दिवाळखोरीत जाऊ दिला नाही, हे टीकाकारांनाही नाकारता येत नाही. शेजारच्या बरी आणि बोल्टन या क्लबांची २०१९ मधील अवस्था लँकेशायरमध्ये सर्वांना आठवते : बरीची लीगमधून हकालपट्टी झाली, तर बोल्टन अखेरच्या क्षणी वाचला. त्यामुळे ‘वेंकीज गेले तर पुढे कोण?’ या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

जुलै २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉल शासन कायदा संमत झाला आणि स्वतंत्र नियामकाची तरतूद झाली. मालक व संचालकांची पात्रता, आर्थिक आराखडा आणि चाहत्यांशी सल्लामसलत यांवर आता कायद्याची नजर राहील. रोव्हर्सच्या बाबतीत याचा अर्थ स्पष्ट आहे : निव्वळ तूट भरणे पुरेसे ठरणार नाही. क्लबच्या कारभाराला प्रत्यक्ष कोण जबाबदार आहे, हे नावानिशी सांगावे लागेल. पंधरा वर्षांत दहा कायम प्रशिक्षक पाहिलेल्या इवूड पार्कवर नेमका हाच प्रश्न अनुत्तरित राहिला होता.