पर्यावरणविषयक लेखनाचे अध्यापन आणि निंबोला परिसराचा जलेतिहास

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांत सक्तीने शिकविण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणीसाठी २००३ साली न्यायालयाला पुन्हा लक्ष घालावे लागले. विषय वर्गात आला; परंतु मुलांच्या वह्यांत बहुधा 'झाडे लावा, झाडे जगवा' एवढेच उतरले. घोषणा पाठ होते, पण समोरच्याचे मन वळवायचे तर कोणाला, काय आणि कशाच्या आधारे सांगायचे हे ठरवावे लागते. त्यासाठी लागणारी सामग्री स्थानिक इतिहासात कशी सापडते, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

निंबोला हे गाव बुऱ्हाणपूरहून असीरगडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. अकबराने १६०१ साली असीरगड घेतल्यावर बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दख्खन कारभाराचे केंद्र बनले. तापीकाठ असूनही लष्कराला व वाढत्या वस्तीला भरवशाचे पाणी हवे होते. अब्दुर्रहीम खानखानान यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, तबकुतुल अर्ज या इराणी जलतज्ज्ञाने सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालीच अडविले आणि भुयारी मार्गाने शहरात आणले. मोट नाही, रहाट नाही. पाणी केवळ उताराने वाहते. हवा खेळावी व सफाई करता यावी म्हणून वर ओळीने विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या. एकट्या खुनी भंडाऱ्यावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. २०२४ साली या वास्तूचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने यातील महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. भंडाऱ्यांचे पाणी सातपुड्याच्या उतारावर मुरते, पण पोहोचते शहरात. मधल्या शेतात केळीसाठी खोदलेली कूपनलिका त्याच साठ्यातून पाणी उपसते. म्हणजे पत्र लिहायचे ते केळी उत्पादकाला. आणि त्याचे कर्ज, त्याचे पीक, त्याची बाजू पत्रात आल्याशिवाय तो ते पूर्ण वाचणार नाही. ग्रामपंचायतीला लिहिताना विहिरीच्या पातळीच्या नोंदी लागतील. मशिदीच्या जमातीला लिहिताना वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही हदीसची शिकवण अधिक उपयोगी पडेल. मागणी तीच, पण आधार वाचकागणिक बदलतो. (अर्ज, दाद, हरकत हे शब्द मराठीला अरबी-फारसीतूनच मिळाले, हेही उर्दू जाणणाऱ्या मुलांना जाता जाता सांगावे.)

वाचनासाठी महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) घ्यावा. डोंगरउतारावरचे पाणी शेतात मुरावे म्हणून बंधारे घालण्याची सूचना फुले करतात. त्याच ग्रंथात जंगलखात्याने गुराख्यांची चराऊ राने हिरावल्याबद्दल सरकारला जाबही विचारतात. निसर्ग आणि त्यावर जगणारा माणूस यांना त्यांनी वेगळे केले नाही. पाठ्यपुस्तकांतील उताऱ्यांत हा दुसरा भाग सहसा दिसत नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात २०२२-२३ मध्ये मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली, तेव्हा वनखाते, अतिक्रमण करणारे आणि त्या तोडीविरुद्ध स्वतःच तक्रार करणारे आदिवासी असे निरनिराळे पक्ष होते. 'जंगल वाचवा' या दोन शब्दांत यांतले कोणीच दिसत नाही.

याच जिल्ह्यातील नेपानगरचा कागद कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. वृत्तपत्रांचा कागद देशात प्रथम तेथे तयार झाला, तो बांबू व सलई यांपासून. वनरक्षणाचे कितीतरी अग्रलेख त्या कागदावर छापले गेले असतील! मुलांना हे जरूर सांगावे. आपण लिहितो तो कागद कोठून येतो, हे ती मग आपणहून विचारतात.

वर्गात करावयाचे काम थोडे आहे. गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडून जानेवारीत व मे महिन्यात पाण्याची पातळी मोजावी आणि दोन्ही मापे तारखेसह लिहावीत. एका गटाने त्यावरून केळी उत्पादकाला पत्र लिहावे, दुसऱ्या गटाने उत्पादकाच्या वतीने उत्तर द्यावे. त्या उत्तरातील हरकती विचारात घेऊन पहिल्या गटाने पत्र पुन्हा लिहावे आणि मगच ते पंचायतीकडे पाठवावे.