भिंतीला पडलेली खिडकी

संस्कृत नाटकात ‘नेपथ्ये’ एवढा एक शब्द लिहिला की पडद्यामागचा आवाज रंगमंचावर येतो. संगणकावरच्या मजकुरी खेळांना हे इतके सोपे गेले नाही. हे खेळ निव्वळ शब्दांचे. पडद्यावर एखाद्या जागेचे वर्णन येते, वाचक ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ अशी आज्ञा टंकतो आणि कथा एक पाऊल पुढे सरकते. त्यांना इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणतात. या कथांमधल्या खोल्या इतक्या बंदिस्त का होत्या आणि त्यांना खिडक्या कशा पडल्या, हा इतिहास एका लहानशा शब्दाचा आहे: ‘इथे’.

सुरुवात गुहेत झाली. विल क्राउदर हा अमेरिकन प्रोग्रामर केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या गुहांमध्ये उतरणारा हौशी गुहासंशोधक होता. १९७०च्या दशकाच्या मध्यावर त्याने त्याच गुहांच्या आधाराने आपल्या मुलींसाठी ‘अ‍ॅडव्हेंचर’ लिहिला. गुहेत जग असते ते कंदिलाचा उजेड पोचतो तेवढेच. एका वेळी एकच दालन दाखवणारा प्रोग्राम तिथे खोटा वाटत नाही. पुढे मात्र गुहेचा हा नियम घरांना, जहाजांना, बागांनाही लागला आणि हिरवळीवर उभ्या माणसाला दहा पावलांवरचे झाड दिसेना! प्रोग्रामच्या लेखी दिसणे, ऐकू येणे आणि हाताला लागणे या तिन्हींचा अर्थ एकच होता. वस्तू ‘इथे’ आहे किंवा नाही.

स्टॅनफर्डच्या डॉन वूड्सने १९७७ मध्ये हा खेळ वाढवला. त्या रूपात एक खिडकी आहे. तिच्यापाशी उभे राहिले की खाली खोल खड्डा, समोर अगदी तशीच दुसरी खिडकी आणि तिथून आपल्याकडे पाहणारी कुणाची तरी पुसट आकृती दिसते. अधूनमधून ती आपले लक्ष वेधून घेऊ पाहते. बरेच भटकून दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी पोचावे, तर तिथूनही समोर तेच. उलगडा होतो तो खालच्या घळीत. दोन्ही खिडक्यांच्या मध्ये एक भलामोठा आरसा टांगलेला आहे. म्हणजे दुसरी खोली दाखवलेलीच नव्हती. जी आकृती दिसली ती ‘इथली’च. मला अजूनही ही सगळ्यात देखणी लबाडी वाटते.

इन्फोकॉम कंपनीच्या ‘झॉर्क २’मध्ये (१९८१) स्फटिकाचे गोळे आले. एकात डोकावले की दुसरा गोळा ज्या खोलीत असेल, तिचे वर्णन समोर येते. असे दृश्य दाखवण्याची सोपी युक्ती म्हणजे क्षणभर ‘इथे’च बदलायचे, त्या खोलीचे वर्णन छापायचे आणि वाचकाला गुपचूप परत आणायचे. पण ते वर्णन त्या खोलीत उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. बाहेरून डोकावणाऱ्याला ते बसत नाही. आवाजाचे काम तारेने भागले. १९८२च्या ‘डेडलाइन’ या गुप्तहेरकथेत दुसऱ्या खोलीतला फोन उचलून घरमालकिणीचे बोलणे चोरून ऐकता येते.

खरी झेप मायकेल बर्लिनच्या ‘सस्पेंडेड’ने (१९८३) घेतली. इथे वाचक कुठेच जात नाही. तो जमिनीखालच्या एका केंद्रात गोठवलेल्या अवस्थेत पडून आहे आणि सहा यंत्रमानव त्याच्यासाठी फिरतात. आयरिस पाहते, ऑडा ऐकते, सेन्सा कंपने टिपते, वाल्डोचे काम हातांचे, व्हिझ माहितीच्या भांडाराशी बोलतो आणि पोएट विजेचे प्रवाह जाणून कोड्यात बोलतो. धृतराष्ट्राला एक संजय होता. इथे सहा आहेत, पण प्रत्येकाची जाण निराळी आणि अपुरी. एकाच खोलीचे वर्णन सहा जण सहा तऱ्हांनी करतात. त्यात सुरुवातीला आयरिसच नादुरुस्त! खेळाच्या खोक्यात नकाशाचा पट आणि सोंगट्या देत, कारण कोण कुठे आहे हे डोक्यात ठेवणे अशक्य होते. आपण चाचपडत असताना वर ग्रहावर माणसे मरत असतात आणि शेवटी आपली पारख होते ती मृतांच्या आकड्यावरून. दूरचे कळणे ही इथे गंमत उरत नाही.

पुढचे काम कारागिरांचे. ग्रॅहम नेल्सनच्या ‘इन्फॉर्म’मध्ये (१९९३) दूरची वस्तू वाचकाच्या बोलण्याच्या कक्षेत आणता येते, हात लावू द्यायचा की नाही, ते वेगळे ठरते. मायकेल रॉबर्ट्सच्या ‘टॅड्स ३’ने (२००६) तर दृष्टी, आवाज, वास आणि स्पर्श यांना चार स्वतंत्र वाटा दिल्या. त्यात खिडकी ही एकाच वेळी दोन्ही खोल्यांत राहणारी वस्तू असते आणि ती कशाची बनली आहे यावर काय आरपार जाईल ते ठरते. काचेतून दिसते, ऐकू येत नाही. कागदातून ऐकू येते, दिसत नाही. बारीक जाळीतून दोन्ही येतात, हात मात्र जात नाही.

लेखकाचे काम यामुळे वाढलेच. तीच वस्तू जवळून कशी, दुरून कशी, धूसर कशी, हे वेगवेगळे लिहावे लागते. न लिहिले तर प्रोग्राम दुरून तपशील कळत नाही एवढेच सांगून मोकळा होतो. काचेपलीकडे ओठ हलताना दिसत आहेत आणि शब्द येत नाहीत, हे वाक्य त्याच्यापाशी तयार नसते.