येडशीहून आर्थर रोडला

जुलै 1933. नुकताच पाऊस उघडलाय आणि तुम्ही येडशी स्टेशनात गाडीची वाट पाहताय. रुळांमधलं अंतर जेमतेम अडीच फूट. ही बार्शी लाइट. कंपनी विलायतेची, जमीन निजामाची, आणि गर्दी उस्मानाबादेहून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घेत आलेल्यांची, कारण जिल्ह्याच्या गावाला अजून स्टेशन नाही. तिकिटाच्या खिडकीशी हाली शिक्का की कलदार यावरून हुज्जत चालू आहे. तुमच्याकडे दोन्ही नाहीत. हरकत नाही, तुम्ही कुणाला दिसत नाही.

गाडी बालाघाट उतरते. घाटात तिची चाल अशी की उतरावं, करवंदाच्या जाळीशी जाऊन यावं आणि पुन्हा चढावं. बार्शी जाते, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बदली होते आणि सकाळी तुम्ही मुंबईत. सात रस्त्याच्या पुढे आर्थर रोडचं सांसर्गिक रोगांचं इस्पितळ आहे, आजचं कस्तुरबा. आत शिरा. फिनेलचा वास सोडला तर दाराशी अडवणारं कुणी नाही.

प्रयोगशाळेत कलकत्त्याहून आलेला एक डॉक्टर काम करतोय. तारानाथ भट्टाचार्य. प्लेगवर इलाज सापडलाय, तो इथे तपासून पाहायचाय, असं सांगून त्याला आत आणलंय त्याचा मित्र विनयेंद्र पांडे यानं, पाकूरच्या जमीनदार घराण्यातला थोरला. उंदीर बाजारातून आणलेत. नळीच्या तळाशी साचलेला पांढुरका गढूळपणा म्हणजे प्लेगचे जंतू. जवळ जाऊन पाहा. सुई टोचलेला उंदीर लगेच मरत नाही. आधी तो पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग आखडून बसतो. केस पिंजारतात, डोळे चिकटतात. समोर टाकलेल्या दाण्यांकडे तो बघतही नाही. मग धाप लागते. शेजारच्या टेबलावर कुणी लस तपासत असेल, तर त्याच्याही उंदराचं हेच होतं. त्या जिवाला हेतू कळायला मार्ग नाही.

ही जोडी आर्थर रोडला सरळ आलेली नाही. वर्षभरापूर्वी, मे 1932 मध्ये, तारानाथनं परळच्या हाफकिन संस्थेकडे प्लेगचे जंतू मागितले होते. उत्तर आलं: बंगालच्या सर्जन जनरलची परवानगी आणा. एवढंच. कारकुनी वाटावं असं उत्तर, पण या सगळ्या प्रकरणात शहाणपणाचं वाक्य तेवढं एकच. पुढे विनयेंद्रनं संस्थेतल्या पशुवैद्यांना पैशाचं आमिषही दाखवून पाहिलं. हाफकिनचं दार कागदाशिवाय उघडेना, ते आर्थर रोडचं ओळखीवर उघडलं. आणि पाचेक दिवस काम झाल्यावर डॉक्टरनं एकाएकी गाशा गुंडाळला. इलाजाचं काय झालं, हे कुणी विचारलं नाही.

26 नोव्हेंबरला तुम्ही हावडा स्टेशनात आहात. विनयेंद्रचा सावत्र भाऊ अमरेंद्र, विशीतला पोरगा, पाकूरच्या गाडीकडे निघालाय. इस्टेटीत दोघांचा निम्मा निम्मा वाटा. गर्दीतून खादी घातलेला एक बुटका माणूस त्याला घासून जातो आणि पोरगा दंड चोळत थबकतो. तुम्ही ओरडून पाहता. आवाज फुटत नाही. 4 डिसेंबरला अमरेंद्र गेला. त्याच्या रक्तात प्लेगचे जंतू निघाले, ज्या कलकत्त्यात गेली काही वर्षं प्लेगनं कुणी मेलेलं नव्हतं त्या शहरात. आर्थर रोडहून जंतू पळवले याचा थेट पुरावा कधीच मिळाला नाही. खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा राहिला. विनयेंद्र आणि तारानाथला आधी फाशी झाली, 1936 मध्ये हायकोर्टात तिची जन्मठेप झाली.

त्या जुलैत इस्पितळाच्या नियमांत काय मोडलं होतं? माझ्या मते काहीच नाही. प्रयोगाला नाव औषधाचं, प्राणी उंदरासारखा, ज्याच्यासाठी मुंबईत कुणी हळहळत नाही, करणारा डॉक्टर.

पण एवढ्यावरून सगळे प्रयोग गुन्ह्याच्या खात्यात टाकायचे का? मग आणखी मागे चला, 1905 नंतरच्या परळला. प्लेग कमिशनचे लोक एका खोलीत गिनीपिगचे पिंजरे लावताहेत. काही जमिनीलगत, काही पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर उंच टांगलेले. हवा तीच, खोली तीच. खालचे गिनीपिग प्लेगनं मरतात, वरचे जगतात. देशात एक कोटीहून अधिक माणसं खाणाऱ्या रोगाची वाट उंदराच्या पिसवेतून जाते, हे इतक्या साध्या रचनेतून पक्कं झालं. ते गिनीपिग मेले नसते तर आपण अजून घरांची कौलं काढून हवा खेळवत बसलो असतो. या मृत्यूंचं ओझं मला वाटतं, तरी ते प्रयोग नको होते असं मी म्हणणार नाही. आर्थर रोडच्या उंदरांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही.

दोहोंतला फरक पिंजऱ्यात शोधून सापडत नाही, तो पिंजऱ्याबाहेरच्या माणसात असतो. 1960 च्या आपल्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद आहे. लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नका, नुसता हात बसावा म्हणून प्राणी कापू नका, असं तो सांगतो. चांगलंच आहे. दुसरीकडे जैविक शस्त्रांवर बंदी घालणारा आंतरराष्ट्रीय करार 1975 मध्ये अमलात आला. भारतानं तो आदल्याच वर्षी मान्य केला होता. पण एक कायदा उंदराच्या वेदनेचा हिशेब मागतो, दुसरा देशांकडून जंतूंचा. टेबलापाशी बसलेल्या माणसाला ‘तू हे कशासाठी करतोयस?’ असं विचारण्याचं काम दोघांच्या मध्ये कुठंतरी पडून राहतं. 1932 च्या त्या कारकुनी उत्तरानं ते अर्धंमुर्धं केलं होतं.

आणि खुद्द सरकारच विनयेंद्र झालं तर? हार्बिनजवळ जपानी फौजेच्या 731 तुकडीनं उंदरांवर पिसवा पोसल्या, 1940 मध्ये निंगबो शहरावर धान्यात मिसळून त्या विमानातून टाकल्या. कैद्यांवरच प्रयोग केले आणि त्यांना ‘ओंडके’ म्हटलं. युद्ध संपल्यावर अमेरिकेनं त्या नोंदींच्या बदल्यात शिरो इशी आणि त्याच्या लोकांना अभय दिलं. तिथे मी तुम्हाला नेत नाही.

आता 1994, सप्टेंबर संपत आलाय. सोलापूरहून बीडकडे जाणारा रस्ता येडशीवरून जातो आणि बीडहून आलेल्या एस.टी.तली माणसं तोंडाला रुमाल बांधून उतरताहेत. बीडजवळच्या मामल्यात ऑगस्टात उंदीर पटापट मेले, घरात पिसवांनी बेजार केलं, मग माणसांच्या जांघेत गाठी आल्या. सुरतेत तर हाहाकार आहे. तुळजापूरचं नवरात्र तोंडावर. चहाच्या टपरीवर एकजण ठासून सांगतो, ‘ह्यो रोग आपुआप न्हाई आला, कुणीतरी सोडलाय.’ असली कुजबुज पुढे दिल्लीपर्यंत गेली. पाकूरचं प्रकरण पाहून आलेल्या तुम्हाला त्याला वेड्यात काढता येत नाही. पण मामल्याला शत्रूची गरज नव्हती. किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीनं माणसं बाहेर निजू लागली, धान्य घरात राहिलं आणि घरं उंदरांना मोकळी मिळाली, अशी संगती अभ्यासकांनी लावली आहे.

बीडच्या गाडीत चढा. मामल्यात आरोग्य खात्याचा माणूस भिंतीच्या कडेनं, बिळांच्या तोंडाशी पावडर मारत चाललाय. घरमालक काठी घेऊन मागोमाग.

‘साहेब, आधी उंदरं मारू द्या की.’

‘नाही मामा. उंदीर मेला की पिसू त्याला सोडती आन् तुमच्या अंगावर येती. आधी पावडर. उंदीर मागाहून.’

मामा काठी खाली घेतात आणि धान्याची पोती ओढून त्याला वाट करून देतात.