पुस्तकांची नोंद आणि वाचकाचे मन

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे; मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक जमवावे या ध्यासाने विनायक लक्ष्मण भावे व विष्णु भास्कर पटवर्धन यांनी ते काढले. त्याच ठाण्यात १९०१ साली मनोरुग्णालय उभे राहिले. पुस्तकांसाठी एक इमारत, दुखावलेल्या मनांसाठी दुसरी. पण पुस्तक उघडून बसलेल्या माणसाचे मन कोणी पाहायचे?

आपल्यासाठी हा प्रश्न दाराशीच सुरू होतो. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने यांचा उल्लेख होता, वाचनालयाचा नव्हता. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने मात्र वाचनालये काढणे हे आपल्या उद्दिष्टांत लिहिले.

ग्रंथपालांच्या शिक्षणाचा इतिहासही बोलका आहे. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावले आणि १९११ साली बडोद्यात ग्रंथालय-शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. पुस्तक कोठे ठेवावे, हे तेथे शिकविले गेले. त्याच बडोद्यात १९१७ साली, कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर सार्वजनिक बागेत खिन्न मनाने बसून राहिल्याचे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. पुस्तकाला जागा होती. वाचणाऱ्या माणसाला नव्हती.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार दिला. परंतु ग्रंथपालाच्या शिक्षणाचा गाभा वर्गीकरण आणि तालिकीकरण हाच राहिला. आज एका खोलीच्या घरातला मुलगा अभ्यासिकेत येतो, कारण घरी वही उघडायला कोपरा नसतो. निकालाच्या यादीत नाव नसले की तो तिथेच गप्प बसून राहतो. त्याला रोज पाहणारा माणूस डॉक्टर नसतो. पुस्तके देणारा कर्मचारी असतो. २०१६ साली रोहित वेमुला व २०१९ साली डॉ. पायल तडवी गेले. मनाची जखम ही नेहमी मनातूनच उपजत नाही, ती समाजही करतो, हे या मृत्यूंनी पुन्हा दाखविले.

या कर्मचाऱ्याला काय शिकवायचे? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची तीन कामे सांगितली: पाहणे, ऐकणे आणि मदतीशी जोडून देणे. जोडून देण्यासाठी ठाण्यात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० पासून आहे; २०२२ पासून टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. पाहणे सरावाने येईल. कठीण आहे ते ऐकणे. समोरच्याचे आडनाव आधी ऐकणाऱ्या कानाला त्याचे दुःख ऐकू येत नाही. म्हणून या प्रशिक्षणाचा पहिला धडा मानसशास्त्राचा नव्हे, जातीचा असला पाहिजे. तो वगळला, तर प्रमाणपत्र तेवढे भिंतीवर टांगले जाईल आणि कोपऱ्यातला मुलगा तसाच उठून जाईल.