मुंबईतील इंग्रजी एफ.एम. केंद्राचा उदय व भाषांतर : ‘गो ९२.५’ आणि प्रसारण धोरण (२००२–२००६)

प्रस्तावना

भारतातील नभोवाणीचा इतिहास बहुधा आकाशवाणी या एका संस्थेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. खासगी केंद्रांचा विचार झालाच तर तो मनोरंजन व्यवसायाच्या अंगाने होतो. एखादे केंद्र विशिष्ट भाषेच्या श्रोत्यांसाठी सुरू व्हावे आणि थोड्याच वर्षांत त्याने ती भाषा सोडावी, या घटनेकडे इतिहासाचे साधन म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. २००२ मध्ये मुंबईत सुरू झालेले ‘गो ९२.५’ हे प्रामुख्याने इंग्रजी संगीताचे केंद्र याचे बोलके उदाहरण होय. या केंद्राचे भाषांतर कोणत्या धोरणातून घडले आणि त्याचा नागपूर-मौदा परिसरातील श्रोत्यांशी काय संबंध आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पूर्वपीठिका

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. ही खासगी कंपनी १९३० मध्ये बंद पडली आणि प्रसारण सरकारच्या हाती गेले. १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. श्रोत्यांची आवड आणि शासनाचे धोरण यांतील पहिला मोठा संघर्ष स्वातंत्र्यानंतर घडला. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी शास्त्रीय संगीताला अग्रक्रम देऊन चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले.

याच सुमारास अमीन सयानी यांची वाटचाल झाली. बंधू हमीद सयानी यांच्यामुळे ते आकाशवाणी मुंबईत आले ते इंग्रजी कार्यक्रमांसाठी; परंतु त्यांना देशभर ओळख मिळाली ती रेडिओ सिलोनवरील हिंदी ‘बिनाका गीतमाला’मुळे. जाहिरातदाराच्या पैशावर चालणारा कार्यक्रम अधिकाधिक श्रोत्यांच्या भाषेकडे ओढला जातो, ही गोष्ट त्या काळीच दिसून आली होती. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. पुढे १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून तिच्यावर जाहिराती प्रसारित होऊ लागल्या. भारतीय नभोवाणीच्या व्यापारी पर्वाच्या आरंभस्थानांपैकी एक विदर्भात होते, ही बाब स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

खासगी प्रसारणाचा आरंभ

१९९३ मध्ये आकाशवाणीने दिल्ली व मुंबई येथील एफ.एम. वाहिनीवरील वेळ खासगी निर्मात्यांना भाड्याने दिला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल प्रकरणात ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचा निर्वाळा दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्राचा रोख प्रसारणातील बहुविधतेवर होता. ही संपत्ती ना शासनाच्या एकाधिकारात असावी, ना धनिकांच्या, असा त्याचा आशय होता.

यानंतर आलेल्या १९९९ च्या धोरणाने ४० शहरांतील १०८ वारंवारिता लिलावास काढल्या. बोलीची रक्कम हेच वार्षिक परवाना शुल्क ठरले आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ बंधनकारक झाली. बातम्यांना मनाई असल्याने केंद्रांच्या हाती मुख्यतः संगीतच उरले. प्रत्यक्षात सुरू झालेली केंद्रे देऊ केलेल्या वारंवारितांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षाही कमी होती.

‘गो ९२.५’ : भाषा आणि गणित

मुंबईत २००२ मध्ये रेडिओ मिर्ची, रेडिओ सिटी, रेड एफ.एम., विन आणि मिड-डे समूहाचे ‘गो’ ही केंद्रे सुरू झाली. इतरांचा भर हिंदी चित्रपटगीतांवर असताना ‘गो’ने लोकप्रिय इंग्रजी गीते व इंग्रजी निवेदन हा वेगळा मार्ग निवडला. मोजक्या, पण क्रयशक्ती असलेल्या नागर श्रोत्यांसाठी जाहिरातदार अधिक मोल देतील, हे गृहीतक त्यामागे होते.

शुल्करचना मात्र या गृहीतकाच्या विरोधात होती. पहिल्या वर्षी १०० रुपये शुल्क मानल्यास १५ टक्के वाढीने ते सहाव्या वर्षी सुमारे २०१ रुपये आणि दहाव्या वर्षी सुमारे ३५२ रुपये होते. उत्पन्न कितीही असो, देणे ठरलेलेच. मोठा श्रोतृवर्ग असलेल्या केंद्रांनाही हा भार जड झाला; मर्यादित श्रोतृवर्गाच्या केंद्राला तो अधिकच जाचक होता. अमित मित्रा समितीने उत्पन्नातील हिस्सा घेण्याची शिफारस केली आणि जुलै २००५ च्या धोरणात ती ४ टक्के वाट्याच्या रूपाने अमलात आली. भार हलका झाला. तथापि त्याच धोरणाने ९१ शहरांतील ३३८ वारंवारिता खुल्या केल्याने स्पर्धा व विस्ताराची ओढ वाढली. २००६ च्या सुमारास ‘गो’चे ‘रेडिओ वन’ झाले आणि प्रसारण हिंदीकडे वळले. पुढील दशकात मुंबईत याच केंद्राने पुन्हा आंतरराष्ट्रीय संगीत स्वीकारले. यावरून मागणी लोपली होती असे म्हणता येत नाही. ती पोसण्याजोगी अर्थरचना नव्हती, एवढेच म्हणता येते.

नागपूर-मौदा परिसराचा संदर्भ

नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. १८ मे १९८८ पासून नागपूरच्या १००० किलोवॅट प्रक्षेपकावरून हिंदी, उर्दू व इंग्रजी कार्यक्रमांची रात्रकालीन राष्ट्रीय वाहिनी देशाच्या मोठ्या भागात ऐकू जाई. तीही पुढे बंद झाली. २००५ च्या धोरणानंतर नागपुरात खासगी केंद्रे आली, ती मुख्यतः हिंदी. नागपूर-भंडारा मार्गावरील मौद्यासारख्या तालुक्याच्या गावी रोजच्या व्यवहारात मराठी व वऱ्हाडी बोलणारा श्रोता असूनही त्याच्या वाट्याला शहरासाठी रचलेले हिंदी प्रसारणच आले.

समारोप

‘गो ९२.५’चा इतिहास मूठभर इंग्रजी रसिकांची हळहळ म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या गणिताने मुंबईत इंग्रजीला मागे सारले, त्याच गणिताने महाराष्ट्राच्या खासगी नभोवाणीत मराठीलाही दुय्यम स्थान दिले. एक भाषा सधन अल्पसंख्यांची, दुसरी राज्यातील बहुसंख्यांची. तरीही बाजाराच्या लेखी दोन्ही गैरसोयीच्या ठरल्या. ध्वनिलहरी सार्वजनिक संपत्ती असतील, तर त्यांवर कोणत्या भाषेला किती जागा मिळावी हा प्रश्न केवळ लिलावावर सोपविता येणार नाही. १९९५ च्या निर्णयाने मांडलेले बहुविधतेचे तत्त्व परवान्याच्या अटींत उतरविणे, हे प्रसारण धोरणाचे अपूर्ण राहिलेले कार्य आहे.