वकिलाची उणीव आणि अपिलाचा अधिकार : पश्चिम खानदेशच्या संदर्भात

मराठी राज्यव्यवहारात ‘वकील’ हा शब्द न्यायालयापेक्षा दरबाराशी अधिक निगडित होता. दिल्लीस पेशव्यांचे वकील म्हणून हिंगणे राहत, ते आपल्या धन्याचे मनोगत परक्या दरबारी मांडण्यासाठी. धनी बोलेल ते वकिलाने जाणावे आणि वकील बोलेल ते धन्यास कळावे, हे या नात्यात गृहीत होते. इंग्रजी अमदानीत हाच शब्द फौजदारी न्यायालयात आला तेव्हा हे गृहीत मात्र मागे राहिले. नंदुरबारसारख्या जिल्ह्याचा विचार करताना ते ठळकपणे जाणवते.

हा प्रदेश पूर्वी पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली आणि नवलपूर येथील मेवासी प्रमुखांची गावे १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याच्या यादीत नावानिशी दाखल होती. तेथे कोणता कायदा चालतो आणि कोणता नाही, हे सरकारने वेळोवेळी जाहीर करावयाचे होते. पुढे १९३५ च्या कायद्याखाली ही गावे, तसेच शहादे, नंदुरबार व तळोदे हे तालुके, नवापूर पेठा आणि अक्राणी महाल अंशतः वर्जित क्षेत्र ठरले. १८९८ च्या फौजदारी संहितेने आरोपीस वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिला होता. पण तो वकील मिळवून देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली नव्हती. ज्याच्यापाशी पैसा त्याचा वकील, हीच स्थिती. सत्र न्यायालयातील निर्धन आरोपीस सरकारी खर्चाने वकील देण्याचे सर्वसाधारण बंधन १९७३ च्या संहितेच्या ३०४ व्या कलमाने घातले आणि १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-अ आला.

वकील दिला, परंतु तो नावापुरताच होता, तर शिक्षेविरुद्ध दाद मागता येते काय? बशीरा खटल्यात (१९६८) सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले. फाशीची शिक्षा संभवणाऱ्या या खटल्यात ज्या दिवशी वकील नेमला त्याच दिवशी मुख्य साक्षीदार तपासले गेले. तयारीस वेळ न मिळणे म्हणजे वकील न मिळणेच, असे मानून न्यायालयाने शिक्षा रद्द केली व फेरचौकशीचा आदेश दिला. अमेरिकेत १९८४ च्या स्ट्रिकलंड निर्णयाने वकिलाची कसूर आणि तिच्यामुळे निकालावर झालेला परिणाम, अशी दुहेरी कसोटी घालून दिली. भारतात अशी एकच स्वतंत्र कसोटी संहितेत नाही. येथील न्यायालये ‘न्यायाचा विघात झाला काय’ असे विचारतात आणि प्रत्येक खटल्याच्या कागदांतून उत्तर शोधतात.

महाराष्ट्रातून गेलेला माधव हयवदनराव होसकोट यांचा खटला या संदर्भात अधिक बोलका आहे. आरोपी अशिक्षित नव्हता. तो विद्यापीठातील प्रपाठक होता आणि कर्नाटक विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा आरोप त्याच्यावर होता. सत्र न्यायालयाने दिलेली नाममात्र कैद मुंबई उच्च न्यायालयाने तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयाकडे येण्यास त्याला चार वर्षांहून अधिक उशीर झाला. निकालाची प्रत आपल्याला मिळालीच नाही, असे त्याचे म्हणणे. तुरुंगाधिकाऱ्यांकडे ती पोहोचली होती, पण कैद्याच्या हाती दिल्याची पोच नव्हती. १७ ऑगस्ट १९७८ रोजी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ठरविले की, निकालाची प्रत विनामूल्य द्यावी, कैद्याची लेखी पोच घ्यावी आणि ज्याला वकील करणे शक्य नाही त्याला न्यायालयाने सक्षम वकील द्यावा. होसकोट यांची स्वतःची याचिका मात्र फेटाळली गेली. ज्याच्या नावाने नियम रूढ झाला त्याला त्याचा काहीच लाभ झाला नाही. न्यायेतिहासात अशी उदाहरणे विरळ नाहीत.

आता या निर्णयाची नंदुरबारच्या आरोपीशी सांगड घालून पाहावी. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पावरी, मावची, वसावी या तेथील बोली. कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी. साक्ष आरोपीस न समजणाऱ्या भाषेत झाली, तर ती त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितली जावी, असे १९७३ च्या संहितेचे २७९ वे कलम म्हणत असे. आताच्या २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. पण हे कलम साक्षीपुरते आहे. वकील आणि अशील यांच्यातील बोलण्याला दुभाषा द्यावा, असे त्यात नाही. मराठीपुरते पाहिले तरी ‘मी त्याला मारले’ या एका वाक्यात मारहाणही बसते आणि मनुष्यवधही. हा भेद वकिलाने अशिलाकडून उकलून घेतला नाही, तर बचावाची दिशाच चुकते. शिवाय ही चूक कागदावर कोठेच उमटत नाही. अपील न्यायालय नोंद वाचते; तुरुंगाच्या भेटकक्षात काय बोलले गेले नाही, ते त्याला दिसत नाही.

शेजारच्या निमाडातील खंडव्याच्या अनोखीलाल खटल्यात निदान तारखा तरी नोंदलेल्या होत्या. वकील नेमला गेला १९ फेब्रुवारी २०१३ रोजी, त्याच दिवशी आरोप ठेवले गेले आणि दोन आठवड्यांच्या आत दोषसिद्धी झाली. १८ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द करून खटला पुन्हा चालविण्यास सांगितले आणि पुढील काळासाठी दंडक घातला : जन्मठेप वा फाशी संभवणाऱ्या खटल्यांत दहा वर्षांच्या अनुभवाचा वकील नेमावा आणि तयारीस किमान सात दिवस द्यावेत. आरोपीशी भेट व चर्चा करण्याची सोय वकिलास असावी, असेही न्यायालयाने सांगितले. या चर्चेची भाषा कोणती असावी, याविषयी मात्र त्या दंडकांत शब्द नाही.